चार बोल्टांचा पंप, तीन बोल्टांचा पंप

माझा भाचा पुण्यात एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. दरवर्षी गणपतीला उमरोळीला येतो आणि दोन मोदक पोटात गेले की त्याचं तेच रडगाणं सुरू होतं. कंपनी उभी केली इंजिनीयरांनी आणि डोक्यावर आणून बसवला हिशेबवाला. तो म्हणे प्रत्येक गोष्टीला 'यातून मिळणार काय' असं विचारतो. यंदा माझा धीर सुटला. म्हटलं, "अरे, तू जन्माला यायच्या आधी बोईसरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी ही लढाई रोज बघत होते. फुकट, वर पगार घेऊन." तर म्हणाला, मग लिही की दिवाळी अंकात. म्हणून लिहायला बसले आहे. संपादकांनी हवी ती काटछाट करावी, फक्त माझं शुद्धलेखन तपासत बसू नये. ते पक्कं आहे.

मी ट्रेसर होते. हा धंदाच आता उरला नाही, त्यामुळे समजावून सांगावं लागतं. इंजिनीयर पेन्सिलीने कागदावर यंत्राच्या भागाचा नकाशा काढायचा. त्या कागदावर एक निळसर, खळ दिलेलं, आरपार दिसणारं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न रेघ काळ्या शाईने उतरवून घ्यायची. हे ट्रेसरचं काम. त्या कापडावरून मग अमोनियाच्या धुरीवर हव्या तितक्या प्रती निघत आणि त्या बघून कारखान्यातले कारागीर तो भाग बनवत. चूक झाली किंवा साहेबांचं मन बदललं, तर दाढीच्या पात्याने शाई अलगद खरवडायची, ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा रेघ मारायची. माझं खरवडलेलं कुठे आहे ते कापड उजेडात धरूनही कळत नसे. बढाई मारतेय असं वाटेल. मारतेच आहे.

मॅट्रिक झाले, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा झाल्या, अक्षर बरं होतं. शेजारच्या एकांनी शब्द टाकला आणि मी बोईसरच्या कंपनीत चिकटले. उमरोळीहून बोईसर एकच स्टेशन, म्हणून वडिलांनी हो म्हटलं. "एक स्टेशन ठीक आहे, पुढे नाही," असं त्यांनी बजावूनही ठेवलं. मला बघायला आलेल्या एका स्थळाकडच्या मंडळींनी विचारलं, मुलगी करते काय? आई म्हणाली, नकाशे काढते. त्यांना वाटलं मी तलाठ्याकडे सातबाऱ्याचं काम बघते. मुलाच्या बापाने लगेच आपल्या एका बांधाच्या वादाची चौकशी सुरू केली. ते स्थळ काही जमलं नाही, पण पोहे मात्र सगळे संपवून गेले.

साठीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. आज कोळगावला जिल्ह्याच्या एवढ्या मोठ्या इमारती झाल्यात, तिथे तेव्हा गुरं चरायची. तारापूरकडे अणुवीजघराचं बांधकाम चाललेलं, ट्रकांची ये-जा वाढलेली, बोईसरच्या चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू यायला लागलेली. आमची कंपनी मात्र त्यातली नव्हे. आमचं गिऱ्हाईक कोळीवाड्यात होतं. किनाऱ्यावरच्या शिडाच्या होड्यांना त्या काळात इंजिनं बसायला लागली होती. डिझेल इंजिन बाहेरून यायचं, पण जमिनीवरचं इंजिन तसंच उचलून समुद्रात चालत नाही. त्याला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी खेळवावं लागतं. ते पाणी खेचणारा पंप, मागचा पंखा, पंख्याचा दांडा, पुढे-मागे जाण्याचा गिअर, हे सगळं आम्ही बनवायचो आणि इंजिनासकट होडीत बसवून द्यायचो. यातला पंप सगळ्यात महत्त्वाचा. तो बंद पडला की इंजिन तापतं, आणि तापलेलं इंजिन वेळेवर थांबवलं नाही तर कायमचंच बसतं.

हा पंप बर्वेसाहेबांचा. बर्वेसाहेब म्हणजे कंपनीचे मूळ पुरुष. इंजिनीयर, उंच, डोक्यावरचे केस कायम उभे, खिशात लाल पेन्सिल. भागीदार मुंबईचे, पैसा त्यांचा, पण डोकं सगळं बर्वेसाहेबांचं. माणूस हुशार म्हणजे किती, तर जेवताना डाळीत बोट घालून पाणी पंपात कसं फिरतं ते दाखवायचा. आणि त्यांना एक रोगच होता. केलेली वस्तू त्यांना कधी पुरी झाल्यासारखी वाटतच नसे. शनिवारी मी कापड पुरं करून द्यायची आणि सोमवारी साहेब हजर. "कुसुमबाई, एवढा एक कोपरा खरवडा." तो कोपरा खरवडला की पुढचा. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, त्यात प्रत्येक बदलाला इंग्रजी मुळाक्षर द्यायचं, ए, बी, सी असं. बाकीच्या नकाशांची गाडी फार तर सीपर्यंत जायची. पंपाची के ओलांडून पुढे गेली होती. कापड खरवडून खरवडून इतकं पातळ झालं होतं, की मला त्या कापडाचीच दया यायची. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक बदलाने पंप सुधारतच गेला होता.

मग भागीदारांनी गुप्तेसाहेबांना पाठवलं. कंपनीला धंदा होता, पण हातात काही उरत नव्हतं, म्हणून हिशेबातला माणूस वर नेमला. दोघे बरोबरीचे असं सांगितलं गेलं. खरं म्हणजे कोण मोठा हे ठरलेलंच नव्हतं, आणि शेडमधल्या कुत्र्यालासुद्धा ते कळत होतं. गुप्तेसाहेब ठेंगणे, नेहमी पांढराशुभ्र शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. आमच्या नकाशाघरात पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या मागे उभं राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण हे सारखं बदलून मिळतं काय?"  मी मनात जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. आम्ही सगळे बर्वेसाहेबांच्या बाजूचे. हिशेबवाला म्हणजे शत्रू, हे आमचं ठरूनच गेलेलं.

त्यांनी शत्रुत्व सिद्धही केलं. पंपाचं अंग गनमेटलचं असायचं. गनमेटल म्हणजे तांब्या-कथलाचा मिश्रधातू, खारं पाणी त्याला फारसं खात नाही. गुप्तेसाहेब म्हणाले, बिडाचं करा, म्हणजे ओतीव लोखंडाचं, स्वस्त पडेल. मला तसा नकाशा करायला सांगितला. मी केला. बर्वेसाहेबांनी त्यावर सही करायला साफ नकार दिला. गुप्तेसाहेबांनी तो मागे घ्यायला नकार दिला. ते कापड माझ्या टेबलावर लोळत पडलं आणि दोन्ही साहेब माझ्या टेबलाला वळसा घालून जायला लागले.

त्यातच मुंबईहून निरोप आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मुरबे गावचं. पुढच्या हंगामात मुरब्याने आणखी इंजिनं घेतली तर शेड चालू, नाही तर बोईसरचं काम बंद, यंत्रं मुंबईला हलणार. ज्यांना यायचं त्यांनी मुंबईला यावं. झालं. माझ्या वडिलांचं एक स्टेशन तुम्हाला सांगितलंच आहे. शेड बंद म्हणजे माझं टेबल बंद, आणि टेबल बंद म्हणजे पोह्यांच्या बशा पुन्हा सुरू. मला ते काम सोडायचं नव्हतं. मला त्याचं वेड लागलं होतं, आणि हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. मी नव्या कापडाला खडूची पूड चोळत होते. दारात गलका झाला आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण सरळ आत आली. हिराबाई. मुरब्याची, धर्मा तांडेलची बायको. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. मी तिला बोईसरच्या बाजारात मासळी विकताना ओळखत होते. वॉचमन मागून हिंदीत ओरडत होता, तिने वळूनही बघितलं नाही. पाटी उतरवली आणि तिच्यातून दोन पंप काढून माझ्या पांढऱ्या टेबलावर आदळले. खवले, ओलं फडकं, सगळ्यासकट.

"बाय, हे दोनी तुमचेच ना? मंग एकमेकांना वलखत का नाय?"

झालं होतं ते असं. मुरब्याच्या होड्या समुद्रात एकट्या जात नाहीत, जोडीने, टोळीने जातात. जास्तीचा पंप प्रत्येकाने घ्यायचा तर परवडत नाही. म्हणून गावाने मिळून एक घेतलेला. टोळीतल्या कुठल्या तरी एका होडीत तो असायचा. ज्याचा बंद पडेल त्याच्या होडीला होडी लावायची, पंप द्यायचा, बसवायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. समुद्रात मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही, अशी त्यांची रीतच आहे. धर्मा तांडेलचा पंप बंद पडला, शेजारची होडी आली, जास्तीचा पंप हातात दिला, आणि तो बसेना. जुन्या पंपाला चार बोल्ट होते. धर्माची होडी नवी, तिच्या पंपाला तीन. शेवटी शीड लावून परत निघाले. वारा पडलेला. खाडीच्या तोंडाशी आले तर ओहोटी लागलेली, आत शिरता येईना. उन्हात भरतीची वाट बघत बसले आणि पापलेटं नरम पडली. सगळी फेरी वाया.

बर्वेसाहेब धावत आले. त्यांनी दोन्ही पंप हातात घेतले आणि चेहरा असा झाला, की मला बघवेना. ते तीन बोल्ट त्यांनी का केले होते ते मलाच माहीत, कारण तो कोपरा मीच खरवडला होता. होडी हलत असताना पंप काढायचा, तर एक बोल्ट कमी असला की काम लवकर होतं आणि खाली बोल्ट पडून हरवायचा धोका कमी. म्हणजे त्यांनी केलं होतं ते कोळ्यांच्याच सोयीसाठी. ते तिला हे समजावायला लागले. हिराबाईने सगळं ऐकून घेतलं.

"चांगला आसल. पन चांगला एकाच्याच होरीत असून काय करायचा?"

तोवर गुप्तेसाहेबही येऊन उभे होते. मला वाटलं आता हे बर्वेसाहेबांना टोमणा मारणार. मारला नाही. त्यांनी हिराबाईला बसायला स्टूल दिलं आणि विचारायला लागले. जास्तीचा पंप एकच का? तो कोणाकडे असतो? विकत घ्यायचं कोण ठरवतं? या शेवटच्या प्रश्नाला ती हसली. "पुरुष दर्यात असतात. बाजार आमी करतो. ठरवनार कोन मंग?" गुप्तेसाहेब बर्वेसाहेबांकडे बघत राहिले. बर्वेसाहेब इतकी वर्षं मुरब्याला जात होते ते तांडेलांशी बोलायला. गुप्तेसाहेब पत्रव्यवहार करायचे तो गावच्या सोसायटीच्या चिटणिसाशी. ज्या बायका घेणार की नाही ते ठरवणार, त्यांच्याशी आमच्यापैकी कुणी कधी शब्द बोललं नव्हतं.

त्या आठवड्यातच आम्ही मुरब्याला गेलो. मला नेलं ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे कोणत्या होडीला कोणत्या अक्षराचा पंप गेलाय ते माझ्या डोक्यात होतं. दुसरं, दोन्ही साहेबांना बायकांशी बोलायची धास्ती वाटत होती. ते कबूल करत नव्हते, पण गाडीत दोघेही मला सारखं सांगत होते, कुसुमबाई, सुरुवात तुम्ही करा.

किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. गुप्तेसाहेबांचा हातरुमाल नाकाला लागला, मग कुणी बघतंय असं लक्षात आल्यावर खिशात गेला. बायका सावलीत बसून जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होत्या. आम्हीही वाळूत बसलो. मी सुरुवात केली, पण माझी काही गरज पडली नाही. त्यांना बोलायचंच होतं.

बर्वेसाहेबांनी मांडलं, की सगळे जुने पंप काढून नवे तीन बोल्टांचे बसवू. गुप्तेसाहेब म्हणाले, खर्च कोण करणार? त्यापेक्षा जुना चार बोल्टांचाच ठेवा आणि इथून पुढे त्यात कधीच काही बदलायचं नाही, असा नियम करून टाका. झालं, दोघांची बायकांसमोरच जुंपली. बर्वेसाहेब म्हणाले, वस्तू सुधारायचीच नाही तर मी इंजिनीयर कशाला झालो? गुप्तेसाहेब म्हणाले, तुमच्या सुधारणेने यांची फेरी वाया गेली. दोघेही खरं बोलत होते, म्हणून भांडण संपेना. हिराबाई हातातला जवळा खाली ठेवून ऐकत होती.

"कधीच नाय असा कोन बोलला?" ती गुप्तेसाहेबांना म्हणाली. "आमी जाली बदलतो. होरीला तेल लावतो, फळ्या बदलतो. पन पावसात, होरी वर असते तवा. समद्यांचा एकदम. दर्यात कोन बदलतं काय?"

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा होड्या ओढून वर घेतात, झावळ्यांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालतात. मधल्या दिवसांत सगळी डागडुजी. ही तिची रोजच्यातली गोष्ट होती आणि तिने ती तशीच सांगितली. पण गुप्तेसाहेबांनी भांडण तिथेच सोडलं. मग म्हणाले, "म्हणजे वर्षातून एकदा. पावसाळ्यात. सगळ्यांचे एकसाथ." बर्वेसाहेब म्हणाले, "आणि वर्षभर मी काय करायचं?" तर गुप्तेसाहेब म्हणाले, "वर्षभर सुचू दे ना. साठवून ठेवा. आषाढ लागायच्या आत काय बदलायचं ते ठरवा, मग पुढच्या आषाढापर्यंत मी तुम्हाला हात लावू देणार नाही." बर्वेसाहेब रागाने उठून पाण्याकडे गेले. थोड्या वेळाने परत आले ते मान डोलावतच. एका माणसाचा राग इतक्या लवकर उतरताना मी दुसऱ्यांदा बघितला नाही.

परत निघताना गुप्तेसाहेब एका जुन्या होडीपाशी थांबले. तिच्यात बिडाचा एक जुना हातपंप पडला होता. त्यांनी खिशातल्या किल्लीने तो सहज खरवडला, तर थरच्या थर सुटून वाळूत पडला. किल्ली आतपर्यंत गेली. ते किल्ली पुसत बसले. मग मला म्हणाले, तो बिडाचा नकाशा फाडून टाका. मी म्हटलं, "फाडत नाही साहेब, धुते. ट्रेसिंगचं कापड धुतलं की त्याचे रुमाल फार छान होतात." त्यांना मी चेष्टा करतेय असं वाटलं असावं. पण खरंच होतात. पुढे माझ्या बहिणीच्या पोरांची झबलीसुद्धा मी त्याची शिवली. पुण्याच्या त्या भाच्याने जन्मल्यावर पहिल्यांदा अंगावर घातला तो कुठल्याशा गिअरचा नकाशा.

आता राहिली मुंबई. मुरब्याच्या सगळ्या होड्यांचे जुने पंप बदलून द्यायचे, तेही फुकट, आणि हे भागीदारांच्या गळी उतरवायचं. दोघे साहेब मिळून गेले. परत आल्यावर बर्वेसाहेबांनी नकाशाघरात बसून सगळी हकिकत सांगितली. सुरुवात त्यांनी स्वतः केली होती, पंपातल्या पाण्याच्या प्रवाहापासून. एका भागीदाराने जांभई दिली. मग गुप्तेसाहेबांनी त्यांचा हात दाबला आणि आपण बोलायला लागले. मुरब्याच्या बायका मासळी घेऊन कुठकुठल्या बाजारांत बसतात, तिथे कुठकुठल्या गावच्या बायका येतात, आणि इंजिनाची बातमी तिथून कशी फिरते, हे त्यांनी सांगितलं. हे पंप आपण मुरब्याला देत नाही, सगळ्या किनाऱ्याला दाखवतो, असं म्हणाले. भागीदारांना तेवढं समजलं. बर्वेसाहेब मला म्हणाले, "कुसुमबाई, मला आयुष्यात त्या लोकांशी असं बोलता आलं नसतं. आणि गंमत बघा, त्याने पंपाची एकदाही स्तुती केली नाही." भागीदारांनी पैसे दिले, पण नवी अट घातली. हंगाम अर्धा होईतो नवं गिऱ्हाईक नाही, तर शेड बंद.

तो पावसाळा मी विसरणार नाही. तीन बोल्टांचा पंप ठरला. आषाढाच्या तोंडावर मी शेवटचं कापड पुरं केलं, अगदी नवंकोरं, एकही खरवड नसलेलं. गुप्तेसाहेबांनी स्वतः त्यावर तारीख घातली. दुसऱ्या दिवशी बर्वेसाहेबांना पंपाच्या झडपेबद्दल नवं काही तरी सुचलं, सुचणारच होतं. गुप्तेसाहेब म्हणाले, नाही. बर्वेसाहेबांनी चहा सोडला, म्हणजे गुप्तेसाहेबांबरोबर प्यायचा सोडला. दोन दिवस दोन वेगळ्या किटल्या येत होत्या. शेवटी गुप्तेसाहेबांनी बिस्किटांचा एक रिकामा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. जे सुचेल ते कागदावर काढायचं आणि यात टाकायचं, पुढच्या पावसाळ्यात उघडू. पहिला कागद तासाभरातच पडला. मग चहा पुन्हा एका किटलीतून यायला लागला.

फिटर लोक मुरब्यात मुक्काम ठोकून बसले आणि भर पावसात, झावळ्यांखाली एकेका होडीचा जुना पंप काढून नवा बसवत गेले. बर्वेसाहेब त्यांच्यात जाऊन राहिले. सर्दीने नाक लाल, अंगावर कुणाची तरी लुंगी, आणि स्वारी खूश. इकडे गुप्तेसाहेब ओतकामाच्या मागे लागले होते, गनमेटलचे नग वेळेवर यावेत म्हणून. पूर्वी बर्वेसाहेबांनी ओतकामवाल्याला अर्ध्यात नकाशा बदलून दिलेला, म्हणून तो आमचं काम मागे टाकायचा. आता नकाशा बदलणार नाही असं गुप्तेसाहेबांनी त्याला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्याने आमचं काम पुढे घेतलं. नारळी पौर्णिमेच्या आत शेवटचा पंप बसला.

एक खंत आहे, ती इथेच सांगून टाकते. त्या पंपाचे जुने नकाशे आज कुठेच नाहीत. कुणी जपून ठेवायचा विचार केला नाही, मीसुद्धा नाही. कापड चांगलं होतं, धुऊन वापरलं. बर्वेसाहेबांचं एवढं डोकं आमच्या घरादाराच्या रुमालांत गेलं, याचं मला आता फार वाईट वाटतं.

हंगाम सुरू झाला आणि मुरब्याकडून काहीच कळेना. ना तक्रार, ना मागणी. बर्वेसाहेब दर दोन दिवसांनी म्हणायचे, जाऊन बघून येऊ का? गुप्तेसाहेब म्हणायचे, थांबा. पण त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता. टपालवाला आला की आधी तेच उठायचे. दसरा गेला, दिवाळी गेली. मी घरी वडिलांना काही सांगितलं नव्हतं. ते मात्र एका स्थळाबद्दल बोलायला लागले होते.

मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत मी बाजारात गेले, तर हिराबाई बसलेली. मी जवळ जाऊन बसले. तिने पोरीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, जावई कसा आहे ते सांगितलं, मांडवाला कोण कोण येणार ते सांगितलं. मला धीर धरवेना. शेवटी विचारलंच, पंप कसा चाललाय? "बरा हाय," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. बोंबील देऊन झाल्यावर सहज म्हणाली, "एकदा बंद परलेला. जनीच्या होरीत दुसरा होता, तो लावला. होरी भरून आली घरी." कधी? तर झाला की महिना. मला कळवलं का नाही म्हटलं, तर तिला प्रश्नच कळला नाही. "त्यात सांगायचा काय?" असं म्हणाली. आणि पुढे म्हणाली, की तिच्या माहेरच्यांना पण अशीच इंजिनं हवी आहेत, सगळ्यांना सारखी. लग्नाच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. "आमची मानसं येतील बोलायला. साहेबांना सांग, मानसं म्हंजे बायका येतील."

मी बाजारातून शेडपर्यंत अक्षरशः पळत गेले. साडीचा घोळ हातात धरून, लोक बघतायत याची पर्वा न करता. दोघे साहेब ऑफिसात होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. बर्वेसाहेबांनी बाकीचं ऐकलंच नाही. "बंद पडला? कशाने बंद पडला? झडप असणार. मी म्हणत नव्हतो?" ते उठून येरझाऱ्या घालायला लागले.

गुप्तेसाहेब खुर्चीत तसेच बसून होते. त्यांनी चष्मा काढला होता. मला वाटलं आता विचारतील, माहेरची मंडळी किती नग घेणार. ते त्यांनी विचारलंच नाही.

"बर्वे," ते म्हणाले, "आपला पंप भर समुद्रात बंद पडला, आणि त्याची तक्रार करावी असं कुणाला वाटलंसुद्धा नाही."

तोवर ते नेहमी 'तुमचा पंप' म्हणत आले होते. बर्वेसाहेब येरझाऱ्या घालायचे थांबले.  मग त्यांनी आपली खुर्ची टेबलाच्या समोरून उचलली, गुप्तेसाहेबांच्या शेजारी आणून मांडली आणि म्हणाले, "कुसुमबाई, त्या बायका येतील तेव्हा तुम्ही आमच्याबरोबर बसायचं. चहा सांगा तिघांना."

शेड राहिली. वडिलांनी आणलेलं ते स्थळ मी त्याच आठवड्यात परत पाठवलं, पोहे न करता.